दादाला मेथी निवडायला बसवतात, ह्याला उपचार म्हणायचं का?

निळी_शाई (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. बारा वर्षं झाली. आवाज ऐकू येणं, शेजारचे टपून बसलेत असं वाटणं, हे औषधांनी जवळजवळ गेलंय. उरलंय ते दुसरंच. दिवसभर पलंगावर. आंघोळीला तीन-तीन दिवस हात नाही. काही विचारलं की ‘बघू’. हा माणूस एकेकाळी डिप्लोमाला वर्गात दुसरा आला होता.

डॉक्टरांनी एका डे-केअर केंद्रात पाठवलंय, तिथे व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) चालते. पहिले तीन आठवडे मेथी निवडली. मग टेबलं पुसली. आता चहा. आई म्हणते, "घरी मी जुडी पुढे ठेवली तर बघत नाही, आणि तिथे आपण पैसे भरून निवडतो."

मला वाटत होतं की त्याच्याशी कुणीतरी नीट बोलेल, मनातलं बाहेर काढेल. तसं तिथल्या थेरपिस्ट मुलीला म्हटलंही. ती म्हणाली, "ताई, आम्ही मानसशास्त्रच वापरतोय, फक्त चहातून." मी काही बोलले नाही, पण रिक्षात बसल्यावर हसावं की रडावं कळेना.

कुणाला अनुभव आहे का? की सरळ समुपदेशकाकडे न्यावं?

रिकामटेकडा_पुणे

चहातून मानसशास्त्र? मग आमच्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवाल्याला पद्मश्री द्यायला हवी.

(ताई, राग नसावा. दादांना लवकर बरं वाटो.)

कोकणी_फणस

थोडं अवांतर. माझ्या चुलतभावाच्या कागदावर डॉक्टरांनी ‘ओटीकडे पाठवावे’ असं लिहिलं होतं. काकांना वाटलं ऑपरेशन थिएटर, ते घामाघूम. आत्या म्हणाली, पुरुषाची कसली ओटी भरतात? आणि आजी म्हणाली, ओटीवरच तर बसलाय की सकाळपासून! तर ह्या दोन अक्षरांचं आधी काहीतरी करा.

खवट

ज्यांना हसू येतंय त्यांनी हसून घ्या. माझा मेहुणा एका संस्थेत सहा वर्षं मेणबत्त्या करत होता. दिवाळीला प्रदर्शन, फुलाफुलांच्या मेणबत्त्या, पाहुणे येऊन फोटो काढून जायचे. वेळेवर आला की वहीत ठिपका, दहा ठिपक्यांवर बिस्किटाचा पुडा. सहा वर्षांत त्याला एकदाही कुणी विचारलं नाही की बाबा रे, तुला काय करायला आवडेल? तो पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. आज घरी वीज गेली तर मेणबत्ती आम्ही लावतो, तो बसून राहतो.

ह्याला उपचार म्हणत असतील तर मग वेठबिगारी कशाला म्हणायचं?

गाठ_निरगाठ

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे, मनोविकार विभागात सोळा वर्षं. मोठा प्रतिसाद होणार आहे, चहा घेऊन बसा. (हो, चहाच.)

आधी खवट यांना. तुम्ही म्हणता ते घडतं, आणि त्याची लाज आम्हालाही वाटते. ठिपके-बिस्किटांच्या त्या पद्धतीला टोकन इकॉनॉमी म्हणतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉयमधल्या ॲना स्टेट हॉस्पिटलमध्ये आयलॉन आणि अझ्रिन या दोघांनी ती बांधली. वर्षानुवर्षं वॉर्डात पडून राहिलेली माणसं तिच्यामुळे उठून कामाला लागली, हे खरं. पण ठिपके थांबले की बरेचदा कामही थांबतं. त्यातून माणसाला हवी ती गोष्ट अडवून धरायची म्हणजे अपमान, तो वेगळाच. आपल्याकडे काही ठिकाणी त्यातलं शास्त्र गळालं आणि वही तेवढी उरली.

आता निळी_शाई, तुमचा मूळ प्रश्न. मेथी निवडली गेली की नाही याच्याशी थेरपिस्टला काही देणंघेणं नसतं. ती बघत असते की दादा कुठे थांबतात. सुरुवातच होत नाही? सुरू करून मध्येच सुटतं? की झाल्यावर "जमलं नाही" म्हणून बाजूला सारतात, चांगली निवडली असली तरी? या तीन थांबण्यांची कारणं वेगळी, आणि त्यावरचे उपायही वेगळे.

आमच्याकडे क्लॉडिया ॲलन या अमेरिकन ओटीबाईंची एक चाचणी वापरतात. कडेनं भोकं पाडलेला चामड्याचा लहानसा तुकडा आणि वादी. पहिला टाका आपला साधा धावदोरा, वरून खाली, खालून वर. दुसरा काठाला वेढा घालत जाणारा. तिसरा चांगलाच गुंतागुंतीचा, वादी मागून आणून फासातून ओढायची. आम्ही मुद्दाम चूक करून ठेवतो, वादीला पीळ पाडतो, आणि बघतो: माणसाला चूक दिसते का? दिसली तर तो सोडवायला जातो, की आपल्याकडे बघतो? पंधरा-वीस मिनिटांत इतकं कळतं की तासभर गप्पा मारून कळणार नाही. एका आजोबांनी पीळ पाहिला, तुकडा खाली ठेवला आणि म्हणाले, "माझ्याकडून असंच होतं." पीळ मी घातला होता! त्या एका वाक्यावर पुढचे दोन महिने काम केलं आम्ही.

म्हणून तुमच्याकडे एक विचारणा: दादा चहा करताना कुठे थांबतात, हे त्या मुलीला विचारलंत का?

रिकामटेकडा_पुणे

शब्द मागे घेतो. पद्मश्री तुम्हाला.

तिरकी_रेघ

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, त्यामुळे विरोधी बाकावरून बोलते. गाठ_निरगाठ यांचं बरंचसं पटलं, पण "आम्ही मानसशास्त्रच वापरतोय" हे वाक्य हल्ली फार स्वस्त झालंय. दोन दिवसांची कार्यशाळा, भिंतीवर प्रमाणपत्र, की लगेच सीबीटी (विचार तपासून वागणं बदलायची बोलण्यातली उपचारपद्धत). विचार आणि भावना यांची साखळी त्या-त्या माणसासाठी मांडावी लागते. आपलं कुठे चुकतंय हे दाखवणारा वरिष्ठ लागतो. मनोविकारात चुकीच्या वेळी चुकीचा प्रश्न विचारला तर संशय वाढू शकतो. आम्ही एम.फिल.ची दोन वर्षं वॉर्डात घासलीत ती उगीच नाही.

निळी_शाई, चहा चालू ठेवाच. पण ‘चहातून सीबीटी’ म्हणजे नक्की काय, हे लेखी मागा.

गाठ_निरगाठ

@तिरकी_रेघ, कार्यशाळेच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मात्र एका ठिकाणी अडते. विचार बदलला की वागणं बदलतं, हा तुमचा रस्ता. उलट्या बाजूनेही रस्ता आहे आणि तो तुमच्याच लोकांनी मोजलाय. १९९६ मध्ये जेकबसन आणि सहकाऱ्यांनी सीबीटीचे भाग सुटे करून पाहिले. नुसतं ‘हालचाल वाढवा, टाळलेली कामं थोडी थोडी करा’ एवढाच भाग दिलेले नैराश्याचे रुग्ण संपूर्ण सीबीटी मिळालेल्यांइतकेच सुधारले.

आणि लांब कशाला जायचं? गोव्यात संगथ संस्थेनं मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्याबरोबर हेच केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, स्थानिक, मानसोपचाराचं आधी काही न शिकलेल्या माणसांना तयार करून, सहा ते आठ बैठका. भर सगळा कृतीवर. २०१७ च्या सुरुवातीला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं: तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर, नेहमीच्या उपचारात ३९ टक्के. म्हापशाच्या बाजारात जाऊन मासे आणणं हा उपचार असू शकतो!

(मासे माझी भर. लॅन्सेटमध्ये शोधू नका.)

तिरकी_रेघ

मासे मान्य. पण हे दोन्ही अभ्यास नैराश्याचे, आणि धागा स्किझोफ्रेनियाचा. एकाचं माप दुसऱ्याला लावू नका.

जुनं_पान

वाद रंगलाय तोवर थोडा इतिहास. भारतातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईत, केईएम रुग्णालयात सुरू झाली. काढली कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. निंबकरांच्या घरात लग्न करून आल्या आणि इथल्याच झाल्या. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटनाही त्यांनीच उभी केली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ झाला तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. मराठी वाचकांना ओळखीची खूण सांगायची तर लेखिका जाई निंबकर यांच्या त्या सासूबाई. म्हणजे इरावती कर्वे त्यांच्या विहीणबाई! त्या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा ऐकायला मिळायला हव्या होत्या.

आणि मानसशास्त्राशी नातं काल-परवाचं नाही. १९२२ मध्ये अडॉल्फ मेयर या मनोविकारतज्ज्ञानं मांडलं होतं की मानसिक आजार म्हणजे जगण्याच्या सवयींची, वेळेच्या वापराची घडी विस्कटणं, आणि ती कामातून, खेळातून, विश्रांतीतून पुन्हा बसवायची. मग फ्रॉइडची लाट आली. १९६३ मध्ये गेल आणि जे फिडलर या नवरा-बायकोनं पुस्तकच लिहिलं, की रुग्ण जी वस्तू करतो ते त्याचं बोलणंच असतं.

कोकणी_फणस

म्हणजे आमची ही पोळ्या लाटताना पोळपाट आपटते ते बोलणंच असतं? फिडलरबाई बरोबर आहेत.

लीड्सकर

इंग्लंडमध्ये ओटी आहे, मूळचा नागपूरचा. इकडची गंमत उलटी. वस्तीपातळीवरच्या मानसिक आरोग्य पथकात ओटी, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते सगळे एकाच पदावर, केअर कोऑर्डिनेटर. मी तीन वर्षं घरभाड्याचे अर्ज भरले, औषधांच्या तारखा पाळल्या आणि सीबीटीचं थोडंफार बोललो. शेवटी एक पेशंट म्हणाला, "तू नेमका कोण आहेस?" मला सांगता येईना. आता पुनर्वसन विभागात आलोय, आणि त्याच पेशंटबरोबर बसनं बाजारात जातो. बसमध्ये त्याला वाटतं की सगळे आपल्याकडे बघतायत. निघण्याआधी आम्ही आकडा लिहितो, किती जण बघतील. तो म्हणाला वीस. उतरल्यावर मोजले: दोन. त्यातली एक बाई माझ्याकडे बघत होती, मी मराठीत शिंकलो म्हणून.

म्हणजे मानसशास्त्र हवंच, पण ते बसमध्ये. खोलीत खुर्च्या मांडून तेच करायचं तर तिरकी_रेघ ते माझ्यापेक्षा चांगलं करतील.

खवट

मराठीत शिंकणं म्हणजे काय?

लीड्सकर

शिंकून झाल्यावर "आई गं".

परतीचा_पाऊस

खूप दिवसांनी लॉगिन झालो. मी रुग्ण आहे. स्किझोफ्रेनिया नाही, नैराश्य, दोनदा दाखल होतो. धाग्यात सगळे बाहेरून बोलताहेत, म्हणून आतून सांगतो.

‘काहीच करावंसं वाटत नाही’ हे लोकांना कळतं. पण त्याच्या खाली एक थर असतो: ‘केलं तरी काही वाटणार नाही’. माझ्या ओटी सरांनी एक शाळकरी वही दिली. तीन रकाने. काम, करण्याआधीचा अंदाज, केल्यानंतरचा आकडा. बरं किती वाटेल, दहापैकी. पहिल्या दिवशी काम होतं बनियन आणि टॉवेलच्या घड्या. अंदाज: ०. घड्या घातल्या. आकडा: २. दोन म्हणजे काहीच नाही हो. पण माझा अंदाज चुकला होता. रोज चुकत गेला. पंधराव्या दिवशी वहीत माझ्याच अक्षरात पंधरा वेळा मी चूक ठरलो होतो. सर काही बोलले नाहीत, नुसती वही माझ्याकडे सरकवली. तोंडानं हेच सांगितलं असतं तर मी मान डोलावून गेलो असतो. आधीच्या समुपदेशकाकडे तेच केलं होतं, नऊ महिने.

बंद पडलेले बॉलपेनसुद्धा मी फेकत नाही, पण ती वही कुठेतरी हरवली. असो.

निळी_शाई

@परतीचा_पाऊस, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. ती उठून आत गेली. धन्यवाद.

गाठ_निरगाठ

@परतीचा_पाऊस, मनापासून आभार.

@तिरकी_रेघ, तुमचा प्रश्न टाळलेला नाही, ड्युटी होती. स्किझोफ्रेनियासाठी तर सीबीटीचे जनक, खुद्द ॲरन बेकचंच नाव घेते. २००९ मध्ये ग्रँट आणि बेक यांनी दाखवलं की ‘प्रयत्न करून उपयोग नाही, मी हरणारच’ या धारणा जितक्या घट्ट, तितकी माणसाची उमेद आणि रोजची कामं ढासळलेली. त्यानंतर ६० रुग्ण, अगदी ढासळलेले, दीड वर्ष उपचार: कामकाज सुधारलं, निरिच्छपणा कमी झाला. २०१२ चा अभ्यास. आणि त्यात बोलण्याइतकंच करणं होतं. खेळ, गाणी, छोटी कामं.

आम्ही ओटी हेच आमच्या भाषेत मांडतो. अमेरिकन ओटी किलहॉफनर यांनी १९८० मध्ये जी चौकट दिली तिचा पहिलाच भाग म्हणजे माणसाची इच्छा, आणि त्या इच्छेतही पहिला प्रश्न: माझ्या हातून काही घडेल असं मला वाटतं का? निळी_शाई, तुमच्या दादांचं ‘बघू’ हे त्या प्रश्नाचं उत्तर असू शकतं. आळस नव्हे.

थोडं रडगाणंही गाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात राज्य प्राधिकरणाकडे कुणाकुणाची नोंद करायची ते दिलंय. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत, परिचारिका आहेत, मनोविकार सामाजिक कार्यकर्ते आहेत. आम्ही नाही. साडेचार वर्षं शिकून पाहुण्यांसारखं दारात उभं राहायचं. म्हणून तरुण पोरं सीबीटीची पाटी लावतात. निदान पाटी तरी लोकांना वाचता येते.

तिरकी_रेघ

बेक यांचा अभ्यास मान्य. पण दीड वर्ष, आणि करणारे कसलेले थेरपिस्ट. इतकंच म्हणते की श्रेय घेताना कालावधीही सांगा. घरच्यांना तीन आठवड्यांत मेथीचा निकाल हवा असतो.

कायद्याबद्दल सहानुभूती आहे, खरंच. पण म्हणून उसनी पाटी लावायची? ‘व्यवसायोपचार’ हीच पाटी मोठी करा ना.

रिकामटेकडा_पुणे

त्या पाटीनं तर आमच्या सोसायटीत घोटाळा केला होता. एका बाईंनी ‘व्यवसायोपचार केंद्र’ अशी पाटी लावली, तर दुसऱ्या दिवशी दोन जण जीएसटीचं विचारायला हजर.

सुमनताई_सातारा

मुलगा एकतीस वर्षांचा, तोच आजार. लेखन शुद्ध नाही, समजून घ्या. मी पण आधी ओरडायचे, ऊठ, आंघोळ कर, बापाचं बघ. आमच्या केंद्रातल्या मॅडमनी सांगितलं की घरात टोचून बोलणं, सारखी काळजी करत मागे फिरणं यानं आजार उलटायची भीती वाढते, तसे अभ्यास पण झालेत म्हणे. मला राग आला. म्हटलं आई बोलणार नाही तर कोण बोलणार. पण मग त्यांनी मलाच काम दिलं. सकाळी अकरापर्यंत त्याच्या खोलीत जायचं नाही. इतकंच. मला फार जड गेलं. माझंच ओटी झालं म्हणा ना. आठव्या दिवशी तो साडेदहाला बाहेर आला आणि म्हणाला, आई तू बरी आहेस ना?

खवट

सुमनताई, नमस्कार घ्या.

निळी_शाई (पुढच्या रविवारी)

परत आले. गाठ_निरगाठ यांनी सांगितलं तसं त्या मुलीला विचारलं, दादा कुठे थांबतो. ती म्हणाली, "विचारण्यापेक्षा या, बघा." गुरुवारी अर्धी रजा टाकून गेले. खिडकीच्या अलीकडे बसवलं मला, दादाची परवानगी आधी घेऊन.

चहा आठ जणांचा. भिंतीवर पायऱ्यांचे कागद, चित्रांसकट. त्यातला तिसरा काढून टाकलेला होता, कारण तो आता दादाला लागत नाही, हे नंतर कळलं. पाणी, आलं, साखर, पत्ती, सगळं सावकाश पण सुरळीत. दूध ओतायच्या आधी थांबला. पातेलं हातात, तसाच उभा. मी मनात मोजत होते, दोन मिनिटं तरी झाली असतील. ती मुलगी शेजारी उभी, एक शब्द नाही. मग तिनं त्याच्यासमोर एक कार्ड ठेवलं. नंतर मला दाखवलं ते. सुरू करण्याआधी त्यानंच लिहिलं होतं: ‘उतू जाईल. सगळे हसतील. मला परत बोलावणार नाहीत.’

आणि दूध खरंच उतू गेलं! मी अर्धी उठले होते खुर्चीतून. ती मुलगी हललीसुद्धा नाही. टेबलावरचे एक काका पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "फडकं नळापाशी आहे." दादानं ओटा पुसला, उरलेला चहा गाळला, सात कप झाले. एक कमी पडला तर दोघांनी अर्धा-अर्धा घेतला. मग कार्डाच्या मागे त्यानं लिहिलं: ‘उतू गेलं. कुणी हसलं नाही. सोमवारी परत माझी पाळी.’

@तिरकी_रेघ, हे लेखी मागायची गरज उरली नाही, दादानंच लिहून दिलं. पण तुम्ही म्हणालात म्हणून कालावधीही विचारला. ती म्हणाली, निदान वर्षभर धरून चाला. आणि तिच्यावर कुणी वरिष्ठ आहे का, तर हो, दर पंधरा दिवसांनी एका मानसशास्त्रज्ञांसमोर ती सगळ्या केसेस मांडते. तेव्हा तुम्ही दोघी आता भांडू नका.

घरी काय होतं तेही लक्षात आलं. शनिवारी त्यानं पातेलं चढवलं, तर दूध वर यायच्या आत आईनं त्याच्या हातातून सांडशी घेतली. बारा वर्षं आम्ही ती सांडशी घेतच आलोय.

तिरकी_रेघ

भांडण नव्हतंच, मत होतं. :) कार्डाची ही पद्धत अगदी रीतसर आहे. त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

गाठ_निरगाठ

ती दोन मिनिटं गप्प उभं राहणं शिकायला मला पाच वर्षं लागली होती.

खवट

काल मेहुण्याकडे गेलो होतो. माळ्यावरून त्याची जुनी घड्याळाची पेटी काढली, चिमटे, भिंग, सगळं गंजलंय. त्याच्यापुढे ठेवून आलो, बोललो काहीच नाही. त्यानं अजून हात लावलेला नाही. लावला तर कळवतो.

एक_मिरजकर

धागा वाचनखुणेत टाकला. सांगली-मिरजेकडे असं केंद्र कुणाला माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बहिणीसाठी हवंय.

कोकणी_फणस

शेवटचं विचारतो: चहा कसा झाला होता?

निळी_शाई

साखर जास्त. दोन कप प्यायले.